खोली

जूनच्या पहिल्या शनिवारी आई भिंतीवरून
लग्नाचा फोटो उतरवायची. खिळा तसाच ठेवायची,
त्यावर मग ऑगस्टभर कुणाकुणाचे
पोहण्याचे ओले कपडे.
खणांत नवे कागद, कागदांखाली लव्हेंडरच्या काड्या.
आमचे स्वेटर, औषधं, आजोबांची काठी
पोत्यांत भरून खाली तळघरात,
पिंपांच्या आणि खारवलेल्या तारल्यांच्या वासात.

फाटकावर पाटी, जर्मनमध्ये. खोली मिळेल.
फ्राने काकानं रंगवलेली, एक अक्षर उलटं.
त्या भाषेत एक खोली काय, दहा खोल्या काय,
शब्द तोच.
बरं आहे, आई म्हणायची,
खोटं बोलावं लागत नाही.
होती एकच, समुद्राकडे तोंड केलेली.

वडिलांकडे दुसऱ्या खोलीचा हिशोब.
शिशाचं वजन दोरीला बांधून सोडायचे,
गाठी मोजायचे. बारा वाव, चौदा वाव,
बेटाच्या पाठीमागे तेवीस.
ही भाड्यानं देता येत नाही,
म्हणून हिच्यात अजून मासे आहेत, असं म्हणायचे.
पुढे पुढे म्हणेनासे झाले.

आम्ही चौघं ओळीनं झोपायचो
द्राक्षं तुडवायच्या हौदाशेजारी,
आणि छतातून पाहुणे वाचायचो.
ही बाई टाच आधी टेकवते.
हा माणूस रात्री तीनदा उठतो.
हे दोघं भांडलेत, एक खुर्ची खिडकीशी गेली,
एक दाराशी.
भाऊ हसायला लागला की आई
त्याच्या तोंडावर हात ठेवायची.
तिच्या हाताला पाहुण्यांच्या साबणाचा वास.

वडील पहाटे चारला निघत.
एका उन्हाळ्यात कुणीतरी तक्रार केली,
अगदी सौम्यपणे, सोबत चॉकलेटचा डबा देऊन.
तेव्हापासून वल्ह्यांना फडकी गुंडाळून
ते धक्क्यापलीकडे वल्हवत जायचे,
दीपगृह मागे पडल्यावरच इंजिन सुरू.
आपल्याच गावातून चोरासारखे.
शिमेचा आवाज गावात सगळ्यांत मोठा होता,
जुनी माणसं अजून सांगतात.

लिंट्झचे ओबरमायर अकरा वर्षं आले.
टाच आधी टेकवणारी, ती त्यांची बायको.
बाराव्या वर्षी एकटे.
तीच खोली, तेच दोन आठवडे.
सकाळी आई वर गेली तर एक उशी चेपलेली,
दुसरी तिनं ठेवली तशीच, कोपरे ताठ.
तिनं काही विचारलं नाही.
रोज दोन्ही अभ्रे बदलले,
दोन कप मांडले,
आणि निघताना बिल एकाचं केलं.
त्यांनी खिळ्याकडे बोट दाखवलं. इथला फोटो
असू द्या पुढच्या वेळी, म्हणाले.
पुढच्या वेळी ते आले नाहीत.
फोटो आहे.

मी झाग्रेबला असते. जानेवारीत गेले तेव्हा
यूगो वाहत होता, दक्षिणेचा ओला वारा,
सांधे धरणारा.
अख्ख्या गावात आठ खिडक्यांत दिवे,
बाकीची घरं जूनची वाट बघत मिटलेली.
आईनं मला वर नेलं.
पलंगावर दोन टॉवेल घडी करून,
त्यावर छोटा साबण,
लाकडी मासा लावलेली किल्ली.
अगं, मी आहे, म्हटलं.
हीटर वरच आहे, ती म्हणाली.
आणि तू?
मला खालचीच सवय.
वडील गेल्यापासून ती बाराही महिने तिथेच.

रात्री फळ्यांखालून तिचा खोकला.
मग तो थांबला,
आणि मला कळलं, ती ऐकतेय.
मी उठले. टाच न टेकवता गेले खिडकीपर्यंत,
लहानपणी कुणी शिकवलं नव्हतं तरी येतं हे.
बाहेर काही दिसत नव्हतं, नुसता आवाज पाण्याचा.
खुर्ची ओढली नाही.
परत येताना मात्र मुद्दाम,
पलंगापाशी, एक टाच आपटली.

बराच वेळ काही नाही.
मग खालून
काठीचं टोक, छताला, हलकेच.