कोरा गोल

मेडिकलच्या तिसऱ्या मजल्यावरून ती पोरगी
आमच्या नंदनवनातल्या घरी आली
बर्फाची पेटी, चार नळ्या आणि एक पेन्सिल घेऊन.
नाझनीन तिचं नाव.
मे महिना. कूलरला वाळ्याच्या ताट्या कालच बसवल्या होत्या,
तरी कागद तिच्या मनगटाला चिकटत होता.

'पुरुष म्हणजे चौकोन,' ती म्हणाली, 'बाई म्हणजे गोल.
ज्याला आजार, तो काळा भरायचा.
जो गेला, त्याच्यावर तिरपी रेघ.'

मी पोहे टाकायला उठले होते. परत बसले.

सासूपासून सुरू केलं.
भागिरताबाई, काटोलकडच्या.
त्यांचे हात हवेत काहीतरी उसवत राहायचे, मान झुलायची,
गावानं ठरवलं, हिच्या अंगात येतं.
अमावास्येला ओटीत नारळ पडायचे.
एकीनं तर कोर्टाच्या तारखेचा कौल मागितला.
म्हातारी 'नाही, नाही' म्हणायची,
पण मान हलतच असल्यानं
लोक 'हो' धरून घरी जायचे.

नाझनीननं गोल काळा केला, रेघ मारली.
शिसाचं टोक तुटलं.

मग शालिक.
इतवारीत सराफ्यातले काटे यायचे त्याच्याकडे,
फुंकरीनं हलणारे.
तो बोट टेकवायचा नि काटा शून्यावर.
बेचाळिसाव्या वर्षी हातातून चिमटा सुटू लागला.
मालक म्हणाला, 'सकाळीच घेऊन येतं का बे?'
ज्यानं जन्मात मोहाची हुंगली नाही
त्याचं तोंड चार जणांनी हुंगलं, भर दुकानात.
एका रात्री मीही हुंगलं.
हे नाझनीनला सांगितलं नाही.

'तीन अक्षरं असतात,' ती समजावत होती,
'एकामागं एक, पुन्हा पुन्हा, सगळ्यांनाच.
पस्तीसपर्यंत चालतात.
काकांची चव्वेचाळीस.'
नऊ जास्त.
नऊनं काय होतं,
भाजीवालाही वरून थोडा सांबार टाकतोच की.

'औषध निघेल का?'
तिनं तोंड उघडलं, मग मिटलं.
'रक्त बंगलोरला जाईल,' म्हणाली,
'तिकडे मोजणारे खूप आहेत.'

खाली दोन फांद्या काढल्या.
अंकुशचा चौकोन. मृणालीचा गोल.
'यांच्यात आत्ता काही भरत नाही,' म्हणाली,
पण पेन्सिल जरा वेळ तिथंच राहिली.
अंकुश मेट्रोत कामाला. हल्ली चहा दिला की
आधी आजूबाजूला बघतो, मग कप उचलतो.
मृणालीनं पुण्यात रक्त दिलं,
निकाल घ्यायला गेली नाही.
तिकडून फोन येतो,
ती कुकरच्या शिट्ट्या मोजत बसते.

माझा गोल शालिकच्या चौकोनाला
आडव्या रेघेनं जोडलेला.
कोरा.
'काकू, तुम्हाला काही धोका नाही,'
ती मनापासून हसली.

घरात फक्त मला नाही.
म्हणून मी भात पातळ करते, हनुवटी खाली धरते,
घास उतरला का ते गळ्याकडे बघून ओळखते.
ताट जाऊन परात आली.
पलंगाला चहूकडून गाद्या बांधल्या.
तरी लाथ लागते, माझी मांडी निळी होते.
ते निळं तो ओळखतो. रडतो.
रडतानाही पाय नाचतोच.

ती गेली. जाताना रसवंतीवाल्याकडून
पेटीत आणखी बर्फ टाकून घेतला.
कागदाची एक प्रत ठेवली,
ती मी फ्रिजवर लावली, लाइट बिलाशेजारी.

रात्री दोनच्या सुमारास
कूलरचं पाणी संपतं, पंखा कोरडा खडखडतो.
तेव्हा तो गाढ असतो,
आणि झोपेत त्याचं काहीच हलत नाही.
हात. मान. पापण्या.
बोट टेकवल्यासारखा.
पाणी भरायला उठायला पाहिजे.
मी लगेच उठत नाही.