आतली साखर

उद्यमनगरात, लेथच्या दुकानामागं माझं शटर.
पाटी नाही. ज्याला यायचं तो विचारत येतो.

ती आली निळी गाडी घेऊन, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली,
कावळा नाक्याचा स्पीडब्रेकर तिरका काढून.
केतकी इंगवले. दातांची डॉक्टर, राजारामपुरीत दवाखाना.
डिकीतनं खोकं काढलं. फोममध्ये निजलेला हेडर,
चार नळ्या एकाच गळ्यात, आरशासारख्या लखलखीत.
"दस्तगीरभाई, हाच बसवायचा. तीन महिने वाट बघितलीय."

मी हात पुसले.
"पळवणार कुठं?"
"ट्रॅकवर महिन्यातनं एकदा. बाकी गगनबावडा."

मग बोलावं लागलं.
चारी नळ्या एका गळ्यात घातल्या की गाडी गाते,
पण वर, सात हजाराच्या पुढं.
करुळ घाटात सात हजार कुठनं आणणार?
वळणातनं बाहेर पडताना पायाखाली जोर लागतो
तो तीन-चार हजारावर.
तिथं जोड्या लावाव्यात: एक आणि चार, दोन आणि तीन,
मग दोन्ही जोड्यांचं एक.
धूर पाळीपाळीनं निघतो, जाणारा मागच्याला ओढून नेतो,
दारात रेटारेटी होत नाही.
आणि नळी रुंद घेतली की ताकद वाढते, हे कुणी सांगितलं?
मे महिन्यात पंचगंगा बघा, पात्र केवढं, आणि पाणी कसं रेंगाळतं.

"म्हणजे हा खोटा?"
"खोटा नव्हं. दुसऱ्याच्या रस्त्याचा."

ती गप्प.
मग पर्समधनं काढला दांडीवरचा तो इवला आरसा,
दाढेमागं बघायचा,
आणि मोबाईलच्या उजेडात हेडरच्या घशात घातला.
"हे काय? किडल्यासारखं?"

वाकून बघितलं. जोडाच्या पोटात काळं, रवाळ.
आमच्यात याला साखर म्हणतात.
वेल्डिंग करताना आतनं आर्गन सोडला नाही
की हवा तापल्या स्टीलला चाटते, आणि ते फुलतं.
जिल्हाभर साखर पिकते, बाई, पण ही नको.
हिच्यातनंच चीर निघते. आज नाही निघणार.
कधीतरी, भर उन्हात, घाटात.

खोकं मिटलं.

अकरा दिवस लागले.
तयार बाक आणले, कापले, जुळवले.
चारी नळ्यांची लांबी सुतळीनं मोजली, दोनदा.
स्टिअरिंगच्या दांडीजवळ एक वळण मात्र
कुठल्याच बाकात बसेना.
तेव्हा वडिलांसारखं केलं:
नदीची वाळू तव्यावर भाजली, नळीत ठासून भरली,
तापवून हळूहळू वाकवली.
पोटात वाळू असली की वळताना नळी चेपत नाही.
ते शिकलगार. हयातभर विळ्या-कोयत्यांना धार लावली,
गाडीत बसले एकदाच, दवाखान्यात जाताना.

शेवटच्या संध्याकाळी ती आली, अंगावर अजून दवाखान्याचा वास.
पुन्हा आरसा.
एकेक जोड, एकेक दात.
बाहेरून सगळे गव्हाळ, मोरपंखी, माझ्या हातचे.
तिसऱ्या नळीशी थांबली.
"इथं."

मला माहीत होतं.
त्या रात्री सिलिंडर संपत आलेला, मी रेटून नेलं.
म्हटलं, आत कोण बघतंय.
सतरा वर्षांत आत कुणी बघितलंच नव्हतं.

काही न बोलता ग्राइंडर लावला आणि कापलं.

रात्री साडेदहाला गाडी सुरू झाली.
समोरचा चहावाला कान झाकून हसला.
माझ्या उजव्या कानाला बारीक सूर येत नाहीत,
ते ग्राइंडरनं नेले.
मी मडगार्डवर तळवा ठेवला.
थरथर सारखी होती, कुठंही अडखळत नव्हती.
"आवाज कसा वाटतोय?" तिनं विचारलं.
"तुम्हीच सांगा."
ती ऐकत राहिली, तोंड जरासं उघडं,
तिच्या खुर्चीतल्या पेशंटसारखं.

आरसा विसरून गेली.
का ठेवून गेली.
आर्गनच्या मीटरशेजारी खिळ्याला अडकवलाय.