गालबोट

दिदुबेच्या बस-अड्ड्याखाली, भुयारी वाटेत माझं दुकान:
दीड मीटरचं काउंटर, एक भिंग, गरम हवेची बंदूक.
शेजारी एतेरी सूर्यफुलाच्या बिया विकते, पेल्याने मापून.
त्या रात्री सगळ्यांचे फोन झोपेतच बदलले.
सकाळी माझ्याकडे पायऱ्यांपर्यंत रांग.

जुंबेरच्या टॅक्सीतला नकाशा उलटा फिरलेला,
म्हणाला, म्त्क्वारी आज डोंगर चढतेय.
नर्सिंगच्या पोरीचा गजर वाजेना,
वेळेवर थरथरायचा फक्त,
पहिल्यांदा रक्त काढणाऱ्या हातासारखा.
एका पाद्र्याचा टॉर्च विझायला तयार नव्हता.
तो झग्याच्या खिशात उजेड घेऊन
ओशाळून उभा.

मी सगळ्यांना एकच सांगितलं: बंद करा, पुन्हा चालू करा.
निम्म्यांचं भागलं.
उरलेल्यांना म्हटलं, थांबा, पुढचं अपडेट येईल.
आमच्या धंद्यात याला औषध म्हणतात.

त्सियाला आली ती तीन आठवड्यांनी, रांग विसरल्यावर.
फोन काउंटरवर ठेवला, पालथा.
"फोन ठीक आहे," म्हणाली. "मुलगा बिघडलाय."

मल्खाज. व्रोत्सवाफला ट्रक चालवतो.
दर रविवारी फोन करतो. ही बोलते.
तो नुसता हॅलो, हॅलो, देदा, हॅलो,
आणि ठेवून देतो.

मी माझ्या फोनवरून तिला फोन लावला.
तिने तो कानाशी नेला.
खरं तर कानाशी गेल्यावर पडद्याने डोळे मिटायचे असतात,
एवढी रीत त्याला जन्मापासून शिकवलेली.
हा टक्क जागा.
आणि तिचा गाल, त्या बाजूचे चार दात गेलेले,
सैल, मऊ, सावकाश टेकला
नेमका आवाज बंद करायच्या चौकोनावर.
गालाचंच बोट झालं होतं.

दाखवलं तिला. बराच वेळ बघत राहिली.
"म्हणजे त्याने काहीच ऐकलं नाही?"
"काहीच नाही."
एतेरीचा पेला बियांच्या पोत्यात तसाच राहिला.

"पहिल्या रविवारी मी द्राक्षमळा विकल्याचं सांगितलं.
त्याच्या बापाने लावलेल्या वेली. रडले.
तो हॅलो हॅलो करत राहिला, मला वाटलं, रागाने.
दुसऱ्या रविवारी सांगितलं,
पैसे कशाला लागले ते.
तेव्हाही हॅलो.
तिसऱ्या रविवारी मीच चिडले. फोन बोटभर लांब धरला,
अवाक्षर काढलं नाही.
तर म्हणतो, देदा,
आज तुझा श्वास ऐकू येतोय."

मी सेन्सर पुसला, सेटिंग तीनदा फिरवलं.
काही उपयोग नाही.
म्हटलं, स्पीकरवर बोला.
"आमच्या अंगणाला आठ दारं आहेत," ती म्हणाली.

खणात वाइनच्या बाटलीचं एक बूच सापडलं.
त्याची चकती कापून पडद्याच्या कडेला चिकटवली:
गाल आणि काच यांच्यात
एका बोटाचं अंतर.
पुन्हा फोन लावला. पुन्हा गाल टेकवला.
"ऐकू येतंय?" तिने विचारलं, काउंटरच्या पलीकडून,
आणि माझ्या कानातही तीच, अर्धा क्षण उशिराने.

"ते बोललेलं गेलं कुठे रे? साठलं असेल ना आत कुठेतरी?"
तिच्या समाधानासाठी मी शोधल्यासारखं केलं.
जागा भरली होती:
वेलींचे फोटो, एकाच वेलीचे चाळीस,
सगळे थोडे हललेले.

दोन लारी सुट्टे मोजले तिने.
पायऱ्यांपर्यंत गेली, परत आली.
"हे बूच निघतं ना, हवं तेव्हा?"
"निघतं. नखाने."
"बरं झालं.
मळ्याचं सांगताना लावीन.
दुसरं सांगताना काढीन."