पंधराच्या वेगाला

"टक्," म्हणाल्या रोसाल्बाबाई,
मग ओठ मिटून, नाकातून, "घ्र्र्र."
"एवढंच. गाडी हलली की एकदाच. मग दिवसभर गप्प."
मी हात पुसत म्हटलं, पुन्हा करून दाखवा.
त्यांनी पुन्हा केलं.
टायरवर बसलेला येर्को खिदळला,
त्याला पान्हे मोजायला बसवलं.

आन्कुदमध्ये गाड्या आवाज करायच्याच.
खारा वारा लोखंड खातो, उरलेलं पाऊस खातो,
आणि दोघांच्या तोंडून सुटलेलं, आमचे रस्ते.
माझं निम्मं आयुष्य बोटींच्या इंजिनांत गेलं.
बोट आजार लपवत नाही, सरळ बुडायला लागते.
गाडीचं तसं नाही.
रात्रभर खोकून घर जागं ठेवलेलं पोर
डॉक्टरसमोर कसं शहाण्यासारखं बसतं,
तशी ती माझ्या दुकानात.

चढावर नेली. बंदराच्या उतारावर नेली.
मासळीबाजाराला दोन फेऱ्या.
काही नाही.
तरी मी पुढची स्टॅबिलायझरची लिंक बदलली,
कारण ती जुनी होती, आणि कारण
काही बदलल्याशिवाय गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं?
अठ्ठावीस हजार पेसो. पावतीसुद्धा दिली.

तिसऱ्या दिवशी बाई दारात.
"टक्. घ्र्र्र."
या वेळी येर्को हसला नाही.

"आधी कोण चालवायचं?"
"एरास्मो. मार्चपर्यंत."
"त्यांना ऐकू यायचं का हे?"
"डावा कान आरागिरणीनं नेला होता,
उजव्याला मी होते."

मग मीच गेलो, सकाळी साडेसहाला, त्यांच्या गल्लीत.
रात्रभर उभी असलेली, थंड, दवानं भिजलेली गाडी
अजून खोटं बोलायला उठलेली नसते.
मी शेजारी बसलो. बाईंनी स्टिअरिंग धरलं
जसा काठोकाठ भरलेला ट्रे धरावा.
लायसन्स एकसष्टाव्या वर्षी काढलेलं, हिवाळ्यातच.
पहिला गिअर. कोंबड्या बाजूला झाल्या.
काटा पाचवर. कुंपण सरलं.
दहा. चर्चची पत्र्याची भिंत.
पंधरा,
आणि टक्. घ्र्र्र.
माझ्या बुटांच्या पुढे, इंजिनाच्या अंगाला.

थांबा. किल्ली काढा. परत लावा. चला.
पंधरा. टक्.
चार वेळा केलं. चार वेळा पंधराच.
पाचव्यांदा करायचं कारण नव्हतं,
पण लाज जिरायला थोडा वेळ लागतो.

"बाई, बिघाड नाही.
हा ब्रेकचा पंप. एबीएस म्हणतात.
गाडी सुरू होऊन निघाली की पहिल्या पंधराला
तो स्वतःलाच एकदा विचारून घेतो,
वेळ आली तर थांबवता येईल ना?
होय म्हणतो. मग गप्प."

"रोज?"
"रोज."
"त्याच्या वेळीही?"
"तेव्हाही."

मला वाटलं, आता रडतील. खिशात रुमाल चाचपला,
ग्रीस लागलेला होता.
त्या चिडल्या.
"सात वर्षं! रोज सकाळी ह्याच्यावर मी बोलत होते!
आणि काय बोलत होते, विचार मला."
मी विचारलं नाही.
"एक शब्द आठवत नाही," म्हणाल्या,
आणि इंडिकेटर लावला,
गल्लीत दुसरं कोणीच नव्हतं तरी.

लिंकचे पैसे मी पुढे केले. अर्धे घेतले,
अर्धे ढकलले, "जुनी होतीच ना ती?"
वर जांभळ्या बटाट्यांचं पोतं.

माझी पिकअप एकोणनव्वदची.
ती निघताना स्वतःला काही विचारत नाही,
मलाही नाही.
पहिल्या वळणावर मागे काहीतरी धप्पकन आदळलं.
मी काच खाली केली, श्वास धरला,
आणि चांगला अर्धा किलोमीटर कान देऊन चालवली,
मग आठवलं,
बटाटे.