तिसरा पक्ष

बिरादार फॉर्म पुढं सरकवतो.
"कॅमेरे झाले, ड्रोन झाला.
आता थर्ड पार्टी. म्हणजे तिसरा पक्ष."

वीस वर्षं लग्नं काढतोय मी उदगिरात,
मला पक्ष दोनच ठाऊक:
एक रुसणारा, एक मनवणारा.

"तुमच्या सामानानं कुणाला लागलं,
तर तो तिसरा," बिरादार म्हणतो,
आणि मला चांदबी आठवते.

देगलूर रोडचं कार्यालय, मे महिना.
कूलरच्या झोतानं लाइटचा स्टँड कलला,
वाळूची पिशवी मी गाडीतच विसरलो होतो.
ती वाकून पाण्याचे ग्लास गोळा करत होती.
माइकवर भटजी, मागून सगळा मांडव:
सावधान!
तिला कुणी म्हणत नव्हतं.

सात टाके. तेवीसशे रुपये.
वर डझनभर केळी घेऊन गेलो,
तर म्हणाली, "जाऊ द्या भाऊ,
लायटीचा काय दोष."

अल्बम लावायला बसलो तेव्हा दिसलं,
अकरा फोटोंत आहे ती.
कोपर. पदराचं टोक. ट्रेची कड.
दर वेळी मीच कापत आलो होतो,
फ्रेम स्वच्छ दिसावी म्हणून.

"किती लिहू? पाच लाख?"
"दहा लिही."
"हप्ता वाढंल."
"वाढू दे."

बिरादारचं पेन उठत नाही, मी माझं देतो.
"आजपासून पुढचंच धरतात बरं का," तो म्हणतो,
"मागचं काही नाही."

उद्या रिसेप्शन आहे.
वाळूच्या पिशव्या आताच
गाडीत टाकून ठेवल्यात. दोन.