फुंकर

निनावे मेडिकलच्या काउंटरवर तीन जातींचे मास्क.
एक निळा, दहा रुपयांचा, कानाला नुसता लोंबणारा.
एक कापडी, त्यावर वाघाचा जबडा;
वाघांच्या जिल्ह्यात एवढं चालायचंच.
आणि एक पांढरा, चोचीसारखा, सीलबंद, साठ रुपये.
"व्हॉल्व्हवाला पाह्यजे का बिनव्हॉल्व्हचा?"
पोरगा असं विचारतो
की मी प्रेशर कुकर घ्यायला आले आहे.

आजवर मी दुपट्टाच बांधला.
डोक्यावरून, कानांवरून, मागे गाठ,
मधे फक्त दोन डोळे.
मे महिन्याचं ऊन त्यानं अडतं,
सिग्नलवर ओळख दाखवणारं कुणी अडतं.
राख अडत नाही.
सदरला ऑफिसात पोचून गाठ सोडली
की नाकाच्या जागी कापडावर
दोन करडे ठिपके. रोज तिथेच.

महादुल्यात राख पाहुण्यासारखी येत नाही,
घरच्या माणसासारखी येते, दार न वाजवता.
दोरीवरच्या चादरीवर बसते, गाडीच्या सीटवर,
गच्चीत वाळत घातलेल्या सरगुंड्यांवर.
आई कढीपत्ता फोडणीत टाकण्याआधी तीनदा धुते
आणि भांड्यातल्या पाण्याकडे बघत नाही.
आम्हा पोरांना चिमणी म्हटलं
की पक्षी आठवायचाच नाही.

त्या चिमण्यांखाली बाबांनी एकतीस वर्षं काढली.
कोळशाच्या पट्ट्यावर, तीन पाळ्यांत.
महिन्याला एक मास्क मिळायचा, तो घरी यायचा.
दिवाळीत आई तो बांधून माळा झाडायची.
दादानं एकात मांजरीचं पिल्लू निजवलं होतं,
ते त्यात मावेनासं होईपर्यंत.
बाबांच्या तोंडावर मी एकही पाहिला नाही.
"त्यात जीव घाबरते," म्हणायचे,
आणि डबा उचलून निघायचे.

आज साठचे दोन घेऊन घरी आले.
वाटलं, हसतील, पैशाचं म्हणतील.
त्यांनी चष्मा लावला. पिशवी दातांनी फाडली.
"हे पट्टी नाकावर दाब. एका हातानं नाही, दोन्ही.
आता फूक. गालापाशी हवा येऊन राह्यली?
मंग नाही बसला. खालचा पट्टा मानेवर घे,
वरचा डोक्यावर. हां."
मी चोचीतून विचारलं, तुम्हाला कसं माहीत?
"नव्या पोरांना शिकवाचं काम माह्याचकडे होतं न."
हे त्यांनी असं सांगितलं
की जणू दुसऱ्या कुणाबद्दल.

मग म्हणाले, माल खरा का खोटा ते पाहू.
देवघरातून काडेपेटी आणली.
काडी पेटवून माझ्या तोंडासमोर धरली: फूक.
मी फुंकलं. ज्योत जरा वाकली, विझली नाही.
निळा लावून फुंकलं, तीही तशीच राहिली.
दुपट्ट्यातून फुंकलं, भप्पकन गेली.
"पाह्य," ते म्हणाले, खूश होऊन,
"दुपट्ट्यातून सारंच जाते."

खेळ रंगात आला होता.
दुसरा मास्क स्वतः चढवला, नवी काडी,
फुंकर. ज्योत जागची हलली नाही.
"एक नंबर माल आहे."
तसाच, काडी जळत असताना,
मास्क हनुवटीखाली ओढला
आणि उघड्या तोंडानं फुंकलं.

ज्योत थोडी वाकली.
पुन्हा उभी राहिली.

पुन्हा फुंकलं त्यांनी.
गालांचे फुगे झाले, गळ्याची शीर तटतटली.
ज्योत सरकत सरकत बोटांपर्यंत आली
तेव्हा त्यांनी काडी झटकून विझवली.
स्वयंपाकघरात आईच्या हातातलं वाटण थांबलं
आणि मग जरा जास्तच जोरात सुरू झालं.

"काडी ओली असन," बाबा म्हणाले.

सकाळी मी गाडी काढली तेव्हा
ते फाटकाशी, दुधाची पिशवी हातात.
मास्क चढवलेला. पट्टी बरोबर, दोन्ही हातांनी दाबलेली.
डोळ्यांनी मला खूण केली: वरचा पट्टा डोक्यावर.
मी घेतला.
सीटवर बोट फिरवून ते बोट
त्यांनी लेंग्याला पुसलं.