ठणठणीत

सत्तावीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत
कास्टिंगवर हातोडी टेकवून ऐकत आलो.
ठण्ण आलं की पास.
थप्प आलं की आत कुठंतरी तडा,
डोळ्याला न दिसणारा;
मग खडूची फुली, आणि परत भट्टी.

आता वडगावच्या बाजारामागं
दस्तगीर मुलाणीच्या हॅचरीत उकिडवा बसलोय.
पुढ्यात भोकाभोकांचा खोका,
आत एका दिवसाची पिल्लं, हळदीत लोळून आल्यागत.
यांच्यावर हातोडी कुठं टेकवायची?

"उताणं टाका," दस्तगीर म्हणतो,
"आणि तीन मोजा. उठलं तर तुमचं.
न्हाई उठलं तर माझं."

पहिलं एकालाच उठतं, रागावून.
दुसरं दोनाला.
बेंबी सुकलेली हवी, काळा ठिपका नको.
मागची पिसं चिकटलेली नकोत.
पायाची कातडी तेलाचं बोट फिरवल्यासारखी,
आणि डोळा असा
की छताचा अख्खा बल्ब त्यात मावावा.
पोट अंगठ्यानं चाचपायचं,
हौसा वांगी निवडते तसं, न दाबता.

सत्तेचाळिसावं तीनाला उठलं नाही.
चाराला पाय झाडले.
मी मोजत राहिलो, सवय.
नऊला उभं राहिलं,
डाव्या पायाची दोन बोटं आत वळलेली.
उभं राहिलं आणि लगेच
माझ्या अंगठ्याचं नख टोचून बघितलं,
दाणा असेल म्हणून.

फौंड्रीत फुलीचा माल वितळायचा,
संध्याकाळपर्यंत त्याचंच दुसरं काहीतरी व्हायचं.
"ह्यांचं काय करता?"
दस्तगीरनं पुढचं पिल्लू हातात दिलं.
मी ते घेतलं.
खोटं कशाला सांगू,
सत्तेचाळिसावं तिथंच ठेवलं.
पैसे हौसाच्या बचत गटाचे होते.

खोका मांडीवर. वाठारच्या फाट्यावर
चहालाही उतरलो नाही, वारं लागेल म्हणून.

घरी भाताच्या तुसावर जुने पेपर,
पत्र्याचं गोल कडं, वर बल्ब.
पहिल्या पाण्यात गूळ, शेजारच्या गुऱ्हाळाचा.
हौसानं एकेकाची चोच बुडवून सोडली
आणि मोजली: एकशे दोन.
मरतुकीला म्हणून दस्तगीर वर दोन टाकतो.
मी ती दोन शोधायला लागलो,
सगळ्यांचे पाय बघितले, डावे आधी.
एकशे दोन. सगळी सरळ बोटांची.

रात्री चिवचिव चढली, टोकदार.
बल्ब चार बोटं खाली घेतला.
हळूहळू आवाज पसरला, जाड झाला,
भांड्यात दूध तापताना येतो तेवढाच उरला.
"ठणठणीत हायत न्हवं?" हौसानं अंथरुणातून विचारलं.
हा शब्द मी जन्मभर लोखंडाचा समजत होतो.

"हायत," म्हटलं.
तिचा डोळा लागला.
मी अंधारात उताणा,
एक, दोन, तीन,
चार.